कासवाच्या अन्नाविषयी दुकानदारांस अनावृत पत्र

पुणे

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटापासून पुण्या-नाशकाच्या पेठांपर्यंत शोभेचे मासे, आणि त्यांच्या जोडीने कासवे, विकणाऱ्या सर्व दुकानदार बंधूंस,



आरंभीच स्पष्ट केलेले बरे की, आपला व्यवसाय बंद करावा अशी दरखास्त घेऊन मी आलेलो नाही. तशी मागणी करणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही मी म्हणणार नाही. परंतु ज्या अर्थी कासवे विकली जात आहेत, घेतली जात आहेत आणि घरोघरच्या काचेच्या टाक्यांतून पोहत आहेत, त्या अर्थी ती खातात काय हा प्रश्न आजचा आहे, आणि ज्याच्या हातून ते जनावर घरी जाते त्यानेच त्याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. माझे उभे आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात गेले. गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरे यांच्या रांगेत पुढेपुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि प्लास्टिकच्या डब्यांतून कासवेही येऊन बसू लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ शोधू गेल्यास ते त्यांच्या खाण्यातच सापडे.

आपल्याकडे सर्रास मिळते ते कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. डोळ्यामागे तांबडा पट्टा, हिरवीगार पाठ, लांबी जेमतेम दीड-दोन इंच. त्याचे रेड-इअर्ड स्लायडर हे नाव आता इतके रुळले आहे की गिऱ्हाईकही ‘स्लायडर दाखवा’ असेच म्हणते. हे गिऱ्हाईक बहुधा मुलाचा हट्ट पुरवायला आलेला बाप असतो, नाहीतर उत्तर दिशेला जिवंत कासव ठेवले म्हणजे घराची भरभराट होते असे कोणा वास्तुतज्ज्ञाकडून ऐकून आलेला गृहस्थ असतो. (कासवाचे तोंड कोणत्या दिशेस असावे याचा या तज्ज्ञांनी पुष्कळ खल केलेला आहे, त्या तोंडात काय घालावे याविषयी मात्र त्यांचे मौन आहे.) ‘याला खायला काय घालायचे?’ असे त्याने विचारले म्हणजे आपण मागच्या फळीवरची एक बरणी पुढे करता. तिच्यात गॅमरस नावाचे, कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव वाळवून भरलेले असतात. ‘रोज चिमूटभर टाका, बाकी काही लागत नाही,’ असे आपण सांगता. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या वाक्यातल्या शेवटच्या चार शब्दांविषयी आहे.

ती वाळवलेली कोळंबी म्हणजे विष नव्हे. अधूनमधून चार दाणे टाकले तर कासव ते आवडीने खाईल आणि त्याचे काही बिघडणार नाही. परंतु केवळ तिच्यावर त्याला पोसणे म्हणजे वाढत्या मुलाला नुसत्या पापडावर वाढवण्यासारखे आहे. विशेषतः अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे खाद्य अगदीच अपुरे पडते, आणि कासवाच्या शरीरात या एका उणिवेचा परिणाम किती दूरवर पोहोचतो याची आपल्यापैकी अनेकांस कल्पना नसावी असे मी धरून चालतो. कारण कल्पना असून आपण ती बरणी पुढे करत असाल असे मानण्याची माझी इच्छा नाही.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगी आईकडून बलकावाटे आलेला या जीवनसत्त्वाचा थोडा साठा असतो. त्यावर त्याचे काही महिने निभावतात. तो संपला म्हणजे डोळ्यांलगतच्या अश्रुग्रंथींचे, श्वासमार्गाचे आणि कानाच्या पोकळीचे नाजूक अस्तर बदलू लागते. त्याच्या पेशी जाड व कोरड्या होतात, त्यांचे पापुद्रे साचून ग्रंथींच्या वाटा बुजतात, पापण्या फुगतात, आणि शेवटी डोळे उघडेनासे होतात. कासव भक्ष्य डोळ्यांनी हेरून खाणारे. भक्ष्य दिसेनासे झाल्यावर ते खाणेच सोडते, आणि खाणे सुटले म्हणजे उणीव आणखी वाढते. कित्येकांच्या डोक्याच्या बाजूस, कानाच्या पडद्यामागे, गाठ येते. तिच्यातला पू इतका घट्ट असतो की तो सुईने ओढून निघत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. मग नाकातून फेस, तोंड उघडे टाकून श्वास, आणि पाण्यात एका अंगावर कलणे ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणे ओळीने येतात. असे डोळे सुजलेले कासव घेऊन गिऱ्हाईक आपल्याकडे परत आले की आपण त्याला डोळ्यांत घालायचे थेंब विकता. त्या थेंबांनी वरचा जंतुसंसर्ग कदाचित हटेल, पण मूळ उणीव रेसभरही भरून निघत नाही, आणि मधले मोलाचे आठवडे हातचे जातात. उलट, कोणा अर्धवट जाणत्याच्या सल्ल्याने याच जीवनसत्त्वाची भारी सुई टोचली तर कातडीची सालपटे निघून जनावर आणखी हालात पडते, हेही मी पाहिले आहे. सबब, औषध देण्याचे काम कृपया आपण अंगावर घेऊ नये; पशुवैद्याकडे जा, एवढे दोन शब्द पुरेत.

आता हे सर्व आपल्या नजरेस का येत नाही, याचे कारण माझ्या मते त्या जनावराच्या मंदपणात आहे. पोपटाचे अन्न तुटले तर तो थोड्याच दिवसांत मरतो आणि दोष कोणाचा हे लहान मुलालाही कळते. कासवाची चयापचय क्रिया इतकी संथ आहे की उपासमार अंगी लागायला महिने जातात, आणि निकृष्ट अन्नाची फळे दिसायला कधी वर्षही लागते. तोवर विक्रीचा दिवस विसरला गेलेला असतो, बरण्यांमागून बरण्या खपलेल्या असतात, आणि एके दिवशी ते कासव मेले म्हणजे घरची मंडळी ‘हवा मानवली नाही’ किंवा ‘आयुष्य तेवढेच होते’ अशी मखलाशी करून मोकळी होतात. नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगणारा हा जीव दीड-दोन वर्षांत का गेला, हा प्रश्न घेऊन आपल्या गल्ल्यासमोर कोणी उभे राहत नाही. तक्रार येत नाही म्हणून माल चोख आहे, असा समज आपल्या व्यवसायात दृढ झाला आहे. कासवाच्या बाबतीत तरी तो धरता येत नाही, कारण येथे तक्रार करायची ती ज्याने, तो बोलत नाही आणि लवकर मरतही नाही.

दुसरे गाऱ्हाणे कवचाचे. कासवाचे कवच हा त्याच्या फासळ्यांचा आणि पाठीच्या मणक्यांचा एकजीव झालेला सांगाडाच असून त्यावर शिंगासारख्या द्रव्याची पातळ खवले बसवलेली असतात. तेव्हा हाडांना जे लागते तेच कवचालाही लागते: चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि तो शरीरात जिरवणारे ड जीवनसत्त्व. अन्नात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे असे मानतात. बिनहाडाचे चिकन, खिमा, नुसते कोळंबीचे मांस यांत हे प्रमाण अगदी उलटे असते. त्यांच्यावर वाढणारे पिल्लू रक्तातली चुन्याची तूट भरून काढण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून चुना काढू लागते. मग कवच बोटाने दाबले तर दबते, कडा वर वळतात, पाय वाकतात. यावर उपाय महाग नाही. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो; तो माकूळवर्गीय जीवाचे अंतःकवच असून जवळजवळ शुद्ध चुन्याचाच असतो. त्याचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवला की कासव हवे तेव्हा तो कुरतडते. आपल्या दुकानात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांसाठी तो बहुधा टांगलेला असतोच. कासवाच्या गिऱ्हाइकालाही तो दाखवावा, इतकीच विनंती.

परंतु नुसता चुना पोटात जाऊन उपयोग नाही. तो जिरायला ऊन लागते, आणि येथे एक घोर गैरसमज आपल्याकडून पसरवला जातो. ‘टाकी खिडकीत ठेवा, ऊन मिळेल,’ असे आपण सांगता. उन्हातील ज्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते साधारणपणे २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण काच अडवून धरते. प्रकाश येतो, ऊब येते, किरण मात्र बाहेरच राहतात. खिडकीच्या काचेआड आणि टाकीच्या काचेआड ठेवलेले कासव उजेडात बसलेले दिसले तरी ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ते अंधारातच असते. यासाठी अतिनील किरण देणारे दिवे मिळतात. ते घेणाऱ्याला हेही सांगावे की दिवा दिसायला लख्ख जळत असला तरी त्यातील या किरणांची शक्ती सहा महिने ते वर्षभरात ओसरते आणि तो बदलावा लागतो. ज्याला दिवा परवडत नाही त्याने सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्ध्या भागावर सावली केलेल्या घमेल्यात, समोर बसून, कासवाला थोडा वेळ ठेवावे. महाराष्ट्रात उन्हाचा तुटवडा नाही. मात्र काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. ती थोड्याच वेळात इतकी तापते की आतले जनावर उष्माघाताने मरते.

पाल्याविषयी तर आपण अवाक्षरही काढत नाही. स्लायडर लहानपणी मुख्यत्वे मांसाहारी असते हे खरे. परंतु जसजसे ते वाढते तसतसा त्याचा आहार वनस्पतींकडे झुकतो, आणि प्रौढ कासवाच्या अन्नात निम्म्याहून अधिक भाग हिरव्या पाल्याचा असावा लागतो. आपण पिल्लू विकता आणि सल्लाही पिल्लापुरताच देता. पुढच्या आयुष्याचे अन्न गिऱ्हाइकाने कोठून जाणावे? बरे, हा पाला काही परदेशाहून आणावा लागत नाही. शेवग्याचा कोवळा पाला, मुळ्याचा आणि मोहरीचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, किसलेले गाजर किंवा लाल भोपळ्याची फोड यांतून आठवडा निघतो, आणि गाजर-भोपळ्याच्या पिवळ्या-केशरी रंगात अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्यही असते. पालक, चुका, माठ यांत ऑक्झलेटे फार. ती चुना बांधून ठेवतात, म्हणून या भाज्या क्वचितच द्याव्यात. पिल्लू पाला हुंगून सोडून देते तेव्हा घरची बाई कंटाळून पुन्हा बरणीकडे वळते. अशा वेळी दमाने घ्यावे लागते, पाला तरंगत ठेवून बरणीला सुटी द्यावी लागते. पोळी, भात, पाव, दूध हे पदार्थ मात्र कोणत्याही वयाच्या कासवासाठी नव्हेत. हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण देवळाच्या तळ्यांतल्या कासवांना पुण्य म्हणून पाव घालणारी माणसे पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

रोजचे मुख्य खाद्य म्हणून कासवासाठी मुद्दाम बनवलेल्या चांगल्या गोळ्या द्याव्यात, या मताचा मी आहे. त्यांत जीवनसत्त्वे आणि चुना मोजून घातलेला असतो. परंतु येथेही आपला एक शिरस्ता आडवा येतो. मोठे पोते फोडून त्यातल्या गोळ्या पारदर्शक पिशव्यांत सुट्या भरायच्या, त्यांवर ना घटकद्रव्ये, ना मुदत, आणि त्या दिव्याखाली टांगायच्या. अ जीवनसत्त्व प्रकाश, उष्णता आणि हवा या तिहींनी नासते. वर्षभर टांगलेल्या पिशवीत गोळीचा रंग आणि वास राहतो. ज्यासाठी पैसे मोजले ते द्रव्य कितपत उरते हे देवच जाणे. मूळ मोहोरबंद पाकीट, त्यावरील तारखेसह, द्यावे. आणि ते उघडल्यावर काही महिन्यांत संपवावे असे सांगावे. माशांच्या गोळ्या कासवाच्या म्हणून खपवण्याची वहिवाट जेथे असेल तेथे ती मोडावी.

किती घालावे, हाही प्रश्न आहे. कासवाला माणूस दिसला की ते काचेवर पाय मारत, मान वर करून धावते. घरचे समजतात भूक लागली. वस्तुतः अन्न कोणाच्या हातून मिळते हे ते शिकलेले असते, इतकेच. पिल्लाला रोज एकदा आणि प्रौढाला एक-दोन दिवसांआड, त्याच्या डोक्याच्या आकारमानात मावतील इतक्या गोळ्या, हा ढोबळ हिशेब पुरेसा आहे. पाय आत घेताना कातडीच्या घड्या बाहेर फुगत असतील तर अन्न कमी करावे. हे जनावर पाण्यातच गिळू शकते, म्हणून त्याला जमिनीवर ठेवून भरवण्याचा खटाटोप करू नये. आणि पुणे, नाशिक, अहिल्यानगरकडे थंडीत टाकीतले पाणी वीस अंशांखाली गेले म्हणजे पचनच मंदावते. त्या दिवसांत कासव खात नाही म्हणून बोटाने तोंड उघडून अन्न कोंबणे धोक्याचे. आधी पाणी २४ ते २७ अंशांवर आणावे, कोरडे बसायला उबदार फळी द्यावी, मग भुकेची चौकशी करावी.

जिवंत मासे घालण्याची हौसही आपणच वाढवता. भक्ष्य म्हणून विकल्या जाणाऱ्या गोल्डफिशमध्ये थायामिनेज नावाचे द्रव्य असते, ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. असे मासे हे नित्याचे अन्न होऊ शकत नाही, आणि आपल्यापाशी विकायला नको झालेला मासा कासवाच्या नावावर खपवू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आहाराचा सल्ला मी देणारच नाही. आपल्यापैकी काही दुकानांच्या मागच्या खोलीत पाठीवर चांदण्या असलेले भारतीय भूकासव, किंवा आपल्या नद्या-तळ्यांतली देशी कासवे, ओळखीच्या गिऱ्हाइकाला दाखवली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदण्यांचे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा फौजदारी गुन्हा आहे. त्याला काय खायला घालावे असे विचारणाऱ्यास माझे उत्तर एकच असते: वनखात्याच्या कचेरीत जा.

स्लायडर बाळगणे कायदेशीर असले तरी घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगणे आपले कर्तव्य आहे. एक, मादी वाढून फूटभर होऊ शकते. ‘टाकी लहान ठेवली की कासव लहान राहते’ हे विधान खोटे आहे, अपुऱ्या जागेत आणि अपुऱ्या अन्नावर ते खुरटते व आजारी पडते. वाढलेले कासव मग लोक पाषाणच्या किंवा पवईच्या तलावात सोडू का म्हणून विचारू लागतात. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक परकीय जातींच्या यादीत निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने या जातीची गणना केलेली आहे आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच तिची आयात थांबवली. तेव्हा तळ्यात सोडणे नाही. दुसरे, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू सहज असतात. याच कारणास्तव अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. खाऊ घातल्यावर साबणाने हात धुणे, आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत न ओतणे, हे लहान मुलाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक कासवाबरोबर सांगितले गेलेच पाहिजे.

आपली कैफियत मला ठाऊक आहे. नफा थोडा, गिऱ्हाईक घाईत, नोकर परप्रांतातला, आणि एवढे सगळे ऐकायला कोणाला सवड आहे? हे खरे आहे. एवढे सर्व सांगितले तर निम्मी गिऱ्हाइके कासव न घेताच परत जातील, हेही मला मान्य आहे. ती परत गेलेली मला हवीच आहेत, आणि जी घेतील ती आपल्याकडून बरणीऐवजी गोळ्या, समुद्रफेन, दिवा आणि पाणी तापवण्याचे उपकरण घेतील, याचा हिशेब आपण माझ्याहून चांगला मांडू शकाल. म्हणून मागणे असे: वाळवलेल्या कोळंबीच्या बरणीवर ‘हे एकमेव अन्न नव्हे’ अशी मराठीत चिठ्ठी लावावी, मुदत नसलेले सुटे खाद्य विकू नये, डोळ्यांचे थेंब विकू नयेत, आणि प्रत्येक कासवाबरोबर आहाराची एक मराठी पत्रिका द्यावी. पत्रिकेचा मजकूर मी एका पानात बसवून तयार ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी या नियतकालिकाच्या संपादकांकडून मागवून आपल्या दुकानाच्या नावानिशी बेलाशक छापावा. त्यावर माझे नाव नको आणि मोबदलाही नको.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्य

ता. क. समुद्रफेन देताना त्याच्या एका अंगाचा टणक, तासून काढण्याजोगा पापुद्रा सुरीने काढून टाकावा आणि मऊ बाजू तेवढी पाण्यात ठेवावी, असे गिऱ्हाइकास सांगावे. त्या पापुद्र्याचे कंगोरे धारदार असतात.